सीताबर्डीचा किल्ला

सीताबर्डीचा किल्ला हा महाराष्ट्रातील नागपूर शहराच्या मध्यभागी, रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस असलेल्या जोडटेकड्यांवरील एकोणिसाव्या शतकातील किल्ला आहे. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ या दोन दिवशी याच टेकड्यांवर नागपूरकर भोसले आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात लढाई झाली. त्या लढाईनंतर इंग्रजांनी येथे तटबंदी उभारली. सीताबर्डी मराठ्यांनी बांधलेला किल्ला नव्हे; लढाईच्या वेळी टेकड्यांवर किल्ला नव्हताच. हा किल्ला सध्या भारतीय सेनेच्या ताब्यात असून वर्षातील मोजक्या दिवशीच सर्वसामान्यांसाठी खुला केला जातो.

नाव

सीताबर्डी या नावाविषयी नागपुरात एक कथा सर्वत्र सांगितली जाते. शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद नावाचे दोन यदुवंशी गवळी बंधू या भागावर सत्ता गाजवीत होते. त्यांच्या नावांवरून टेकडीला ‘शीतलबद्री’ म्हणू लागले आणि पुढे त्याचे ‘सीताबर्डी’ झाले, असे ही कथा सांगते. ती आख्यायिका म्हणूनच घेणे योग्य. मराठीत खडकाळ, उथळ मातीच्या जमिनीला ‘बरड’ म्हणतात आणि टेकडीचे उघडेबोडके स्वरूप पाहता नावाचा उत्तरार्ध या शब्दाशी सहज जुळतो. इंग्रजी कागदपत्रांत हे नाव सीताबल्डी, सीताबुल्डी अशा वेगवेगळ्या रूपांत आढळते. आजचा नागपूरकर पायथ्याच्या बाजारपेठेला नुसते ‘बर्डी’ म्हणतो, आणि बर्डीला जाणे म्हणजे बाजाराला जाणे. किल्ल्याचा विचार त्या शब्दात उरलेला नाही.

स्थान व भूरचना

टेकड्या उत्तर-दक्षिण पसरलेल्या एका अरुंद धारेच्या दोन टोकांना आहेत. दक्षिणेकडील टेकडी मोठी व लांबट असून उत्तरेकडील लहान व शंकूच्या आकाराची आहे. लढाईच्या इंग्रजी वृत्तांतात दोहोंमधील अंतर सुमारे ३३० यार्ड, म्हणजे साधारण ३०० मीटर दिले आहे. बंदुकीच्या माऱ्याच्या हिशेबाने ते फार नव्हते. एक टेकडी शत्रूच्या हाती गेली तर दुसरीवर टिकून राहणे कठीण, हे या जागेचे वैशिष्ट्य होते.

नागपूर शहर सपाट प्रदेशात वसलेले आहे. टेकड्यांपासून जवळच असलेल्या ‘शून्य मैल’ या भूमापन स्तंभावर १९०७ सालच्या नोंदीनुसार समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट कोरलेली आहे. या पातळीपासून टेकड्यांची उंची फारशी नाही. तरीही भोवती दुसरा चढ नसल्यामुळे माथ्यावरून जुने शहर, जुम्मा तलाव (आजचा गांधीसागर) आणि नाग नदीकाठचा सारा परिसर नजरेच्या टप्प्यात येई. आता उंच इमारतींनी तो पुष्कळसा झाकला आहे.

टेकड्या दख्खनच्या लाव्हा खडकाच्या पूर्व सीमेजवळ आहेत. भूशास्त्राच्या इतिहासातही त्यांना स्थान आहे. नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या परिसरातील खडकांचे थर व त्यांतील जीवाश्म अभ्यासून १८५५ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. लाव्हाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातील गाळाचा थर सापडतो, ही बाब पुढे आणण्यात त्यांच्या कामाचा मोठा वाटा होता. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय यांच्याच नावाने ओळखले जाते.

पार्श्वभूमी

अठराव्या शतकाच्या आरंभी देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने नागपूर वसविले आणि पुढे पहिल्या रघूजी भोसल्यांच्या काळात ते भोसल्यांचे मुख्य ठाणे बनले. भोसल्यांच्या ताब्यात गाविलगड आणि नरनाळा यांसारखे बळकट डोंगरी किल्ले होते, पण ते राजधानीपासून दूर, सातपुड्याच्या रांगेत. राजवाडा व शहर उघड्या मैदानात होते आणि शहरावर नजर ठेवणाऱ्या सीताबर्डीच्या टेकड्या तटबंदीवाचून राहिल्या. हा दुर्लक्षाचा भाग होता की शहराजवळच शत्रूशी गाठ पडेल असा प्रसंग कुणाच्या कल्पनेत नव्हता, हे सांगता येत नाही. परिणाम मात्र पुढे दिसला.

१८०३ मध्ये आडगावच्या लढाईत आणि गाविलगडावर पराभव झाल्यानंतर दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १७ डिसेंबर रोजी देवगावचा तह केला. नागपूरच्या दरबारी कंपनीचा रेसिडेंट राहू लागला. त्याचे निवासस्थान टेकड्यांच्या पश्चिमेस होते, म्हणजे रेसिडेन्सी आणि शहर यांच्या मधोमध ही धार होती. पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हेही काही वर्षे येथे रेसिडेंट होते.

दुसरे रघूजी तैनाती फौजेचा तह अखेरपर्यंत टाळत राहिले. मार्च १८१६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र परसोजी राज्यकारभारास असमर्थ असल्याने चुलतभाऊ मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब कारभारी बनले आणि दरबारातील विरोधकांपुढे स्वतःचे स्थान पक्के करण्यासाठी त्यांनी २७ मे १८१६ रोजी तैनाती फौजेचा तह स्वीकारला. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी मृतावस्थेत आढळले. हा खून आप्पासाहेबांच्या सांगण्यावरून झाला, असा आरोप पुढे इंग्रजांनी केला. गादी आप्पासाहेबांकडे आली.

ज्या तहाच्या आधाराने आप्पासाहेब सत्तेवर आले, त्याच तहाचा जाच त्यांना वर्षभरात जाणवू लागला. त्यांनी पुण्याला दुसऱ्या बाजीरावांशी गुप्त संधान बांधले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकी येथे पेशवे आणि इंग्रज यांच्यात युद्धाला तोंड फुटले होते. तरीही २४ नोव्हेंबर रोजी आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली सेनासाहेबसुभा या पदाची वस्त्रे जाहीर दरबारात स्वीकारली. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांनी यास हरकत घेतली होती. इंग्रजांशी लढणाऱ्या पेशव्यांकडून मान घेणे म्हणजे युद्धाचीच घोषणा होय, असा अर्थ त्यांनी काढला.

सीताबर्डीची लढाई

कंपनीची पलटण शहराच्या पश्चिमेस तेलंगखेडी येथे होती. २५ नोव्हेंबर रोजी ती हलवून रेसिडेन्सीजवळ आणण्यात आली आणि लेफ्टनंट कर्नल हॉपटन स्कॉट यांनी दोन्ही टेकड्या ताब्यात घेतल्या. मद्रास पायदळाच्या २० व्या व २४ व्या रेजिमेंटच्या तुकड्या, बंगाल घोडदळाच्या सहाव्या रेजिमेंटचे तीन ट्रूप आणि सहा पौंडी गोळ्याच्या चार तोफा एवढेच बळ त्यांच्याजवळ होते. सारे मिळून दीड हजारांच्या आत. नागपूरच्या फौजेचा आकडा इंग्रज लेखक सुमारे अठरा हजार देतात, त्यांत तीन ते चार हजार अरब आणि छत्तीस तोफा होत्या. विजेत्यांनी दिलेल्या या संख्या काहीशा सावधपणे वाचाव्या लागतात. मात्र संख्याबळ नागपूरच्या बाजूने फार मोठे होते, याविषयी वाद नाही.

येथे ‘इंग्रज सैन्य’ म्हणजे बहुतांशी हिंदी शिपाईच होते. समोरच्या बाजूची खरी धार मात्र पगारी अरबांच्या हाती होती. दोन्हीकडे वेतनावर लढणारे लोक आणि मधे एका राज्याचे भवितव्य, असे या लढाईचे स्वरूप होते.

२६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या वस्तीतील झोपड्यांच्या आडोशाने अरबांनी उत्तरेच्या लहान टेकडीवर मारा केला आणि तो उत्तररात्रीपर्यंत चालला. लहान टेकडीवरील तुकडीची मोठी हानी झाली. पहाटे पुन्हा मारा सुरू झाला. सकाळी टेकडीवर दारूगोळ्याची गाडी पेटून स्फोट झाला, त्या गोंधळाचा फायदा घेऊन अरब तलवारी उपसून वर चढले, त्यांनी लहान टेकडी काबीज केली आणि तेथे मिळालेली तोफ मोठ्या टेकडीकडे वळविली. त्याच वेळी नागपूरचे घोडदळ पश्चिमेच्या मैदानातून रेसिडेन्सीला वेढू लागले. या क्षणी लढाई आप्पासाहेबांच्या बाजूने झुकली होती.

ती उलटविली घोडदळाच्या एका हल्ल्याने. कॅप्टन फिट्झजेराल्ड यांनी हल्ल्याची परवानगी पुन्हा पुन्हा मागितली होती. अखेर स्वतःच्या जबाबदारीवर त्यांनी आपले तीन ट्रूप घेऊन नागपूरच्या मोठ्या घोडदळावर झडप घातली, ते मागे रेटले आणि दोन तोफा हिसकावून घेतल्या. हे दृश्य टेकडीवरील शिपायांना दिसत होते. त्याच सुमारास लहान टेकडीवर अरबांच्या गर्दीत दारूगोळ्याचा दुसरा स्फोट झाला. पायदळाने लगेच चाल करून टेकडी परत घेतली. दुपारपर्यंत नागपूरची फौज मागे हटली होती. कंपनीकडील मृत व जखमींची संख्या ३६७ होती, म्हणजे साधारण चारांतील एक माणूस. मृतांमध्ये रेसिडेंटचे साहाय्यक जॉर्ज सॉथबी यांचाही समावेश होता.

फिट्झजेराल्ड यांच्या तुकडीत जॉन हिअर्सी नावाचा एक तरुण अधिकारी होता. चाळीस वर्षांनंतर, मार्च १८५७ मध्ये, मंगल पांडे यांनी बराकपूरच्या छावणीत शस्त्र उचलले तेव्हा तेथील सेनापती हेच हिअर्सी होते. २४ व्या मद्रास रेजिमेंटची कथाही अशीच मागेपुढे जोडलेली आहे. १८०६ च्या वेल्लोरच्या उठावात सामील झाल्याबद्दल मद्रास पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटचा क्रमांक काढून घेण्यात आला होता आणि तिच्या जागी २४ वी उभी राहिली होती. सीताबर्डीनंतर या शिपायांनी बक्षीस म्हणून आपला जुना क्रमांक परत मागितला आणि तो त्यांना मिळाला.

लढाईनंतर

विजयानंतरही रेसिडेन्सीची स्थिती काही दिवस नाजूकच होती. डिसेंबरच्या मध्यास जनरल डव्हटन यांची फौज येऊन पोचली, तेव्हा पारडे निश्चितपणे फिरले. १६ डिसेंबर रोजी आप्पासाहेब रेसिडेन्सीत स्वाधीन झाले, पण त्यांच्या फौजेने तोफा सोपविण्यास नकार दिल्याने सक्करदऱ्याजवळ पुन्हा लढाई होऊन ती इंग्रजांनी जिंकली. शहरातील अरबांनी राजवाड्याच्या परिसरात ठाण मांडले. त्यांच्यावर केलेला हल्ला फसला आणि अखेर डिसेंबरच्या शेवटी अटी मान्य करून घेऊनच ते बाहेर पडले. नागपूर जिंकले गेले ते टेकडीवर. शहराने स्वतः सहजासहजी हार मानली नव्हती, ही गोष्ट या लढाईच्या लोकप्रिय वर्णनांत बहुधा वगळली जाते.

जानेवारी १८१८ च्या करारात सीताबर्डीच्या टेकड्या, लगतचे बाजार आणि पुरेशी जमीन कंपनीला देण्यात आली आणि तेथे हवी तशी तटबंदी करण्याची मुभा तिने मिळविली. आप्पासाहेबांना काही काळ गादीवर ठेवण्यात आले. पुन्हा कारस्थानाचा संशय येताच मार्चमध्ये त्यांना कैद करून अलाहाबादकडे रवाना करण्यात आले. वाटेत १३ मे रोजी ते पहाऱ्यातून निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाने राहिले आणि पुढे भटकत जोधपूरला पोचले. १८४० मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. नागपूरच्या गादीवर लहानग्या तिसऱ्या रघूजींना बसवून कारभार जेंकिन्स यांनी हाती घेतला.

किल्ल्याची बांधणी

लढाईनंतर दोन्ही टेकड्यांवर तटबंदी, बुरूज, दारूगोळ्याची कोठारे आणि शिबंदीच्या राहण्याच्या जागा बांधण्यात आल्या. मोठ्या टेकडीवरील भाग मोठा किल्ला आणि उत्तरेकडील छोटा किल्ला म्हणून ओळखला गेला. मराठी मुलखातील गिरिदुर्गांशी या किल्ल्याचे साम्य अल्प आहे. येथे नैसर्गिक कडे नाहीत, वेढ्याला वर्षानुवर्षे तोंड देण्याची सोय नाही, राजवाडा किंवा वस्ती नाही. सीमेवरून येणाऱ्या शत्रूला अडविण्यापेक्षा खालच्या शहराला धाकात ठेवणे आणि प्रसंग पडल्यास युरोपीय रहिवाशांना आसरा देणे, हे त्याचे प्रयोजन होते. तोफांची तोंडे शहराकडे वळविता येत, यातच किल्ल्याचा अर्थ होता. १८२१ मध्ये सुमारे पंधरा किलोमीटरवर कामठी येथे मोठी लष्करी छावणी वसविण्यात आल्यानंतर सीताबर्डीवर छोटी शिबंदी पुरेशी ठरली.

१८५७ चा उठाव

तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये औरस वारस न ठेवता मरण पावले. लॉर्ड डलहौसी यांनी दत्तक नामंजूर करून १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. राजवाड्यातील जडजवाहीर आणि हत्तीघोडे लिलावात निघाले, त्याचा सल शहराच्या मनात होता.

१३ जून १८५७ च्या रात्री टाकळी येथील अनियमित घोडदळाने उठाव करावयाचा, शहरातून मध्यरात्री आगीचे फुगे आकाशात सोडून इशारा द्यावयाचा आणि लगेच सीताबर्डीवर चालून जायचे, असा बेत ठरल्याचे सरकारी वृत्तांतांत नमूद आहे. पायदळाला सामील करून घेण्यासाठी गेलेला दफेदार पकडला गेला आणि बेत उघडकीस आला. युरोपीय कुटुंबे किल्ल्यात हलविण्यात आली, तोफा सज्ज झाल्या. घोडदळ नि:शस्त्र करण्यात आले. राजघराण्यातील वयोवृद्ध बाकाबाईंनी आपल्या माणसांना उठावात न पडण्याची ताकीद दिली, याचाही परिणाम झाला.

यानंतर किल्ल्याच्या तटावर, शहरातून दिसेल अशा ठिकाणी फाशी देण्यात आली. सरकारी गॅझेटियरमध्ये इनायतउल्ला खान, विलायत खान आणि नवाब कादर खान ही नावे आढळतात. लोकस्मृतीत हा आकडा नऊ आहे: नवाब कादर अली आणि त्यांचे आठ साथीदार. किल्ल्यातील त्यांच्या कबरींच्या जागेला ‘नवगाजी’ किंवा ‘नवगजअली बाबा’ असे संबोधले जाते. नवाब कादर अली हे टिपू सुलतानचे नातू होते, असेही सांगतात. या नात्याला सबळ आधार दिसत नाही आणि त्या हौतात्म्याला त्याची गरजही नाही. तिघे की नऊ, हा फरक दोन परंपरांमधला आहे. एक परंपरा लष्करी अधिकाऱ्यांवरील खटल्याची नोंद ठेवते, दुसरी शहराने मानलेल्या हुतात्म्यांची.

ब्रिटिश राजवटीचा उत्तरकाळ

१८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन होऊन नागपूर त्याची राजधानी झाली. १८६७ मध्ये रेल्वे आली आणि टेकड्यांभोवतीची जमीन झपाट्याने भरू लागली. आजच्या रेल्वे स्थानकाच्या इमारतीचे उद्घाटन १५ जानेवारी १९२५ रोजी गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हस्ते झाले. टेकडीच्या उतारावर, स्थानकाजवळ असलेले गणपतीचे देवस्थान ‘टेकडी गणपती’ नावाने प्रसिद्ध आहे. किल्ल्याच्या दारात कधी पाऊल न टाकलेला नागपूरकरही या निमित्ताने टेकडीवर येतो. १९११ च्या दिल्ली दरबारानंतरच्या दौऱ्यात पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांनी किल्ल्याला भेट दिली. त्याची खूण म्हणून किल्ल्यात एक स्तंभ आहे.

१८१७ साली शहर आणि रेसिडेन्सी यांच्यामध्ये असलेली टेकडी शंभर वर्षांनंतरही हिंदी वस्ती आणि गोऱ्यांचा सिव्हिल लाइन्स भाग यांच्यामधली सीमा होती. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात हे ठळकपणे समोर आले. १३ एप्रिलपासून १८ ऑगस्टपर्यंत चाललेल्या या आंदोलनात तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये शिरू पाहणाऱ्या स्वयंसेवकांना अटक होत असे. नेतृत्व आधी जमनालाल बजाज आणि त्यांच्या अटकेनंतर वल्लभभाई पटेल यांच्याकडे होते.

गांधीजींची कोठडी

किल्ल्यात एक कोठडी महात्मा गांधींना डांबून ठेवलेली जागा म्हणून दाखविली जाते. अनेक लेखांत यासाठी १९२३ च्या एप्रिल-मे महिन्यांच्या तारखाही दिल्या जातात. ज्ञात कालक्रमाशी त्या जुळत नाहीत. गांधीजींना मार्च १९२२ मध्ये अहमदाबाद येथे सहा वर्षांची शिक्षा झाली. पुण्याच्या येरवडा कारागृहात ते जानेवारी १९२४ पर्यंत होते, तेव्हा त्यांच्यावर ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ५ फेब्रुवारीला त्यांची सुटका झाली. १९२३ च्या उन्हाळ्यात नागपुरात शेकडो सत्याग्रही तुरुंगात होते, हे खरे. त्या सत्याग्रहाची आठवण आणि गांधीजींचे नाव एकत्र मिसळून ही समजूत रूढ झाली असावी. तरीही १५ ऑगस्टला येणारे लोक कोठडीपुढे पादत्राणे काढून उभे राहतात.

सद्यस्थिती

स्वातंत्र्यानंतर किल्ला भारतीय सेनेकडे आला. प्रादेशिक सेनेच्या ११८ व्या पायदळ बटालियनचे (ग्रेनेडियर्स) ठाणे येथे आहे. त्यामुळे तटबंदी व आतील वास्तूंची देखभाल चांगली राहिली आणि बाजाराने वेढलेल्या टेकडीवर अतिक्रमण झाले नाही. उलट, अभ्यासकांना आतील बांधकामाचे तपशीलवार निरीक्षण करण्याची संधी क्वचितच मिळते. विदर्भातील इतर दुर्गांविषयी जेवढे लेखन झाले, त्या मानाने शहराच्या ऐन मध्यावरील या किल्ल्याच्या वास्तुरचनेविषयी कमी लिहिले गेले आहे.

किल्ला साधारणपणे २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशी लोकांसाठी उघडला जातो आणि त्या दिवशी प्रवेशद्वारापासून उतारापर्यंत रांगा लागतात. लष्करी क्षेत्र असल्याने ओळखपत्राची तपासणी होते, काही भागांत जाण्यास व छायाचित्रे काढण्यास मनाई असते. भेट देण्याआधी त्या वर्षीची सूचना पाहणे इष्ट. टेकडीच्या पायथ्यापासून सीताबर्डी हे मेट्रोचे स्थानक जवळ आहे, नागपूर मेट्रोच्या दोन्ही मार्गिका तेथे एकमेकींना छेदतात. रेल्वे स्थानकाच्या पश्चिम दारातून किल्ल्याचा पायथा चालत गाठता येतो.